आधी मंच, मग स्टुडिओ

चार पोरं जमली, दोन गिटारी आल्या, कुणाच्या तरी मामानं ड्रम किट घेऊन दिलं की पहिली चर्चा स्टुडिओची सुरू होते. कुठं रेकॉर्ड करायचं, तासाला किती घेतात, पुणं बरं की हैदराबाद? नांदेड, लातूर, मुदखेड, भोकर, उदगीर, कुठल्याही गावातल्या बँडशी बोला, गप्पा तिथंच येऊन थांबतात. गाणी अजून अडीचच झालेली असतात, अल्बमचं मुखपृष्ठ मात्र मोबाईलवर तयार असतं. हा क्रम उलटा आहे. सिनेमाची गाणी वाजवणाऱ्यांचं त्यानं फारसं बिघडत नाही. पण ज्यांना प्रोग्रेसिव्ह रॉकच्या वाटेनं जायचंय, त्यांचे पैसे आणि मैत्री दोन्ही या क्रमात बुडतात.

प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे नेमकं काय, यावर जाणकार रात्रभर भांडू शकतात. आपल्या कामापुरतं एवढं पुरे: गाणी लांब, चालींना बरीच वळणं, मात्रा बदलत्या आणि बऱ्याचदा अख्ख्या अल्बमला एकच विषय. इंग्लंडमध्ये १९६०च्या दशकाच्या शेवटी हे सुरू झालं. किंग क्रिम्झनचा पहिला अल्बम ऑक्टोबर १९६९चा. ‘येस’ या बँडच्या ‘क्लोज टू द एज’ (१९७२) मधलं त्याच नावाचं गाणं अठरा मिनिटांहून लांब आहे, तबकडीची एक अख्खी बाजू त्यातच संपते. जेथ्रो टलनं त्याच वर्षी ‘थिक ॲज अ ब्रिक’मध्ये दोन्ही बाजूंना मिळून एकच रचना ठेवली. असलं काही चार-पाच जणांनी एकत्र वाजवायचं तर ते आधी अंगात मुरावं लागतं, आणि तासाच्या भावानं घेतलेल्या स्टुडिओत मुरवणं कुणालाच परवडत नाही.

पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ जगभर माहीत आहे. तो बाजारात आला मार्च १९७३मध्ये. पण त्यातली रचना लोकांनी मंचावर ऐकली त्याच्या वर्षभर आधी. २० जानेवारी १९७२ला ब्रायटनमध्ये त्यांनी ती पहिल्यांदा सलग वाजवायला घेतली आणि ‘मनी’ या गाण्यापर्यंत येऊन तांत्रिक बिघाडामुळे थांबावं लागलं. फेब्रुवारीत लंडनच्या रेनबो थिएटरात पत्रकारांसमोर पुन्हा. ॲबी रोड स्टुडिओतलं रेकॉर्डिंग सुरू झालं ते मे महिना संपता संपता, आणि त्यानंतरही दौरे चालूच होते. मंचावर जे गिटार आणि कीबोर्डचं मोकळं जॅमिंग होतं, त्याच्या जागी पुढं सिंथेसायझरचा पूर्ण वेगळा तुकडा आला. ऑर्गनवर वाजणाऱ्या एका संथ भागावर शेवटी एका गायिकेचा शब्दांविना आलाप चढला. म्हणजे अल्बम म्हणून आपण जे ऐकतो, ते वर्षभर लोकांसमोर घासून-पुसून झालेलं आहे.

आता आपल्याकडं पाहा. मुदखेडमध्ये स्टुडिओ नसेल, मंचाला तोटा नाही. गणेशोत्सव, जयंत्या, यात्रा, कॉलेजची गॅदरिंग, आणि स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचा युवक महोत्सव, ज्यात नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली असे चार जिल्हे येतात. पुण्या-मुंबईच्या बँडना अशी ठिकाणं पैसे मोजून भाड्यानं घ्यावी लागतात. तेव्हा जे आहे, त्याच्यापासून सुरुवात करा.

माणसं आणि विषय

बँडमध्ये कोण असावं, यावर मी हट्टानं सांगतो: फक्त इंग्रजी रॉक ऐकणारी माणसं गोळा करू नका. आपल्या भागातले खरे तयार वादक भीमगीतांच्या ऑर्केस्ट्रात, लग्नाच्या बेंजो पार्टीत आणि भजनी मंडळात आहेत. ऑर्केस्ट्रातला ऑक्टोपॅडवाला रात्रीत वीस गाणी बदलतो, गायकानं सूर वर नेला तर कुणाला न विचारता सांभाळून घेतो. पखवाजावर बसणाऱ्या पोराला लय शिकवावी लागत नाही. त्यांना प्रोग्रेसिव्ह रॉक माहीत नसला तरी काही अडत नाही, तुम्हाला तरी पखवाज कुठं माहीत आहे! संतांचे अभंग गिटार, बास आणि ड्रम्सच्या साथीनं करणारा ‘अभंग रिपोस्ट’ हा बँड मराठी तरुणांनी आवडीनं ऐकला, आणि मुंबईच्या ‘कोशिश’नं २०१३मध्ये ‘फिरदौस’ हा आख्खा अल्बम एका कल्पनेभोवती, तोही हिंदीत केला. प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे इंग्रजीच, हा समज आता सोडायला हरकत नाही.

विषय निवडताना पहिला मोह अंतराळाचा होतो. चंद्र, काळ, वेडेपण यावर तिकडच्या लोकांनी पन्नास वर्षांपूर्वी काम करून ठेवलंय. तुमच्याकडं काय आहे ते बघा. फ्लॉइड रेनबो थिएटरात वाजवत होते त्याच १९७२ सालच्या दुष्काळात मराठवाडा खडी फोडत होता, रेशनवरचा मिलो खात होता. त्या आठवणी सांगणारे आजी-आजोबा अजून घराघरांत आहेत. मुदखेडहून निजामाबादच्या दिशेनं गाडीत बसलात की उमरी लागतं. हैदराबाद मुक्तिसंग्रामात १९४८मध्ये स्वातंत्र्यसैनिकांनी तिथली बँक लुटून लढ्यासाठी पैसा उभा केला. चाळीस मिनिटांच्या अल्बमला लागणारं सगळं त्यात आहे: तयारी, रात्र, धावपळ, नंतरची शांतता. किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३चा भूकंपही विषय होऊ शकतो, पण तिथं जपून. लातूर-धाराशिवकडची माणसं ऐकायला बसलेली असतात आणि त्यांची घरं त्यात गेलेली असतात. गर्जणाऱ्या गिटारीनं भूकंप ‘दाखवणं’ हे मला स्वस्तातलं वाटतं.

विषय ठरला की लगेच गाणी लिहायला बसू नका. आधी एका कागदावर अख्ख्या अल्बमची वाट काढा. कुठं सुरू होणार, कुठं चढणार, कुठं फक्त एक वाद्य राहणार, कुठं शब्द थांबणार. एकूण लांबी चाळीस ते पंचेचाळीस मिनिटं ठेवा. तबकडीच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटं नीट मावायची, त्यामुळं जुन्या अल्बमना ती शिस्त आपोआप लागली. तुम्हाला ती सक्ती नाही, म्हणूनच स्वतःवर लादून घ्या. सत्तर मिनिटांचे पहिले अल्बम मी ऐकलेत; त्यातली तीस मिनिटं गिटारवाल्याच्या प्रेमापोटी ठेवलेली असतात.

सात आणि आठ

या संगीतात लोकांना सर्वांत अवघड वाटतात त्या बदलत्या मात्रा. गंमत अशी की त्या बाबतीत आपण तिकडच्यांपेक्षा श्रीमंत आहोत. ‘मनी’चा सुप्रसिद्ध तुकडा सात मात्रांचा आहे, म्हणून त्याचं केवढं कौतुक. आपल्याकडं रूपक सातचा, झपताल दहाचा, दीपचंदी आणि धमार चौदाचे. गावातला तबलजी हे ताल बोटांवर म्हणून दाखवतो. फरक एवढाच की आपण आवर्तन पूर्ण होईपर्यंत तालात राहतो, आणि प्रोग्रेसिव्ह रॉकवाले मध्येच ताल बदलतात, किंवा दोन ताल एकाच वेळी एकमेकांवर चढवतात.

हा दुसरा प्रकार करून बघा. पखवाजानं नेहमीचा आठ मात्रांचा भजनी ठेका धरायचा आणि सोडायचा नाही. गिटारनं सात मात्रांचा एक छोटा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवायचा. पहिल्या समेवर दोघं एकत्र. आठव्या मात्रेवर गिटारचा तुकडा दुसऱ्यांदा सुरू होईल, पखवाज अजून आपल्या शेवटच्या मात्रेवर असेल. दर फेरीला गिटार एकेक मात्रा पुढं सरकत जाईल. ऐकणाऱ्याला वाटेल पोरं घसरली. गिटारचे आठ तुकडे आणि पखवाजाची सात आवर्तनं संपली की, म्हणजे छप्पन्न मात्रांनंतर, दोघं पुन्हा समेवर भेटतात. भजनात वाढलेला श्रोता त्या समेला हटकून मान हलवतो, त्याला काही समजावून सांगावं लागत नाही. पाच आणि चारचा असाच खेळ वीस मात्रांत पूर्ण होतो. सुरुवात करायला तो सोपा.

वाद्यं हातात घेण्याआधी हे टाळ्या वाजवून आणि तोंडानं म्हणून पक्कं करा. गायकासकट सगळ्यांनी. बँडमधला एक जण जरी ‘मी बाकीच्यांकडं बघून वाजवतो’ म्हणाला, तरी तो भाग मंचावर कोसळणार. तालातून तालात जाताना तिहाई वापरा. रॉक ड्रमर जे काम दणदणीत फिल मारून करतो, तेच तिहाई जास्त नेमकेपणानं करते, आणि सगळ्यांना पुढची सम कुठं आहे ते आधीच कळतं.

सुराचं दुखणं वेगळं. भजनी मंडळाची पेटी आणि गिटार यांचं पहिल्या दिवशी जमत नाही. गायक सांगतो, माझी काळी एक. म्हणजे गिटारवाल्याच्या भाषेत सी शार्प. रॉकची बरीचशी गिटार मात्र ई किंवा डी या मोकळ्या तारांच्या आधारानं लिहिलेली असते, म्हणजे पांढरी तीन किंवा पांढरी दोन. पट्टी ठरवण्याचा मान गायकाला द्या आणि गिटारनं कॅपो लावून किंवा तारा उतरवून जुळवून घ्यावं. दुसरं म्हणजे जुन्या पेट्या बऱ्याचदा ४४० हर्ट्झच्या मापाला बसत नाहीत, थोड्या चढ्या किंवा उतऱ्या असतात. पेटी काही मंचावर जुळवता येत नाही, म्हणून ट्यूनरचं माप पेटीप्रमाणं सरकवून सगळ्यांनी त्यावर जुळवायचं. कीबोर्डवाल्यानंही हे करायचं असतं, तो नेमका विसरतो. पखवाजाच्या डाव्या तोंडाची कणीक मंचावरच्या दिव्यांनी आणि मे महिन्याच्या उन्हानं वाळते; दोन गाण्यांमध्ये पाण्याचा हात फिरवायला वेळ ठेवा. हलगी घेणार असाल तर उलट, तिला तापवायला जागा लागते, आणि मांडवाच्या कापडाजवळ शेकोटी पेटवू देणारा मंडपवाला अजून जन्मायचाय. ती बाहेर, आधीच तापवून आणा.

तालीम

आठवड्यातून दोनदा, दोन-दोन तास, ठरलेल्या वारी. यापेक्षा जास्त जमत असेल तर उत्तम, पण मुदखेड फुलशेतीचा तालुका आहे. ज्याच्या घरी मोगरा किंवा गुलाब आहे, तो पहाटे तोडणीला उठतो, त्याला रात्री एकपर्यंत बसवून ठेवाल तर तिसऱ्या आठवड्यात तो येणार नाही. तालमीची वेळ सर्वांत अडचणीच्या माणसाच्या सोयीनं ठरवा.

प्रत्येक तालमीचं मोबाईलवर रेकॉर्डिंग करा. फोन वाद्यांपासून दूर, खोलीच्या मधोमध, खुर्चीवर ठेवा. फाइलला तारीख आणि गाण्याचं नाव द्या. दुसऱ्या दिवशी प्रत्येकानं ते ऐकायचं आणि फक्त स्वतःबद्दल दोन गोष्टी लिहून आणायच्या. दुसऱ्याच्या चुका काढायला परवानगी नाही. हा नियम ऐकायला बाळबोध वाटतो, पण बँड फुटतात ते ‘तू बेसूर वाजवतोस’ या वाक्यावर, संगीताच्या मतभेदांवर नव्हे. ज्या भागावर एकमत होत नाही, त्याच्या दोन आवृत्त्या तयार ठेवा आणि दोन वेगळ्या कार्यक्रमांत वाजवून बघा. वाद घालण्यापेक्षा हे लवकर होतं.

लांब रचनेचा नकाशा एका पानावर मावला पाहिजे: भाग अ, किती आवर्तनं, कोण सुरू करतो, इशारा कुणाचा. इशारा नेहमी एकाच माणसाचा असावा. बहुतेक वेळा तो ड्रमर असतो, पण पखवाज असेल तर त्याच्याकडं द्या, कारण त्याचे दोन्ही हात आणि मान सगळ्यांना दिसते.

वीज, आवाज, परवानगी

पहिला प्रयोग गणपतीत मुख्य मिरवणुकीच्या दिवशी ठेवू नका. लोक नाचायला आलेले असतात. सात मात्रांवर नाचता येत नाही आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. मधल्या एखाद्या दिवशी, आरतीनंतर, वीस मिनिटं मागून घ्या. अख्खा अल्बम नको, त्यातला सर्वांत आटोपशीर भाग. युवक महोत्सवात कलाप्रकारांची वेळ आणि कलाकारांची संख्या ठरलेली असते, नियमपत्रिका आधी वाचा आणि त्या चौकटीत बसेल असा तुकडा कापा. सलग चाळीस मिनिटांचा प्रयोग स्वतंत्रपणे, खुर्च्यांवर बसून ऐकणाऱ्यांसमोर करा. कॉलेजचं सभागृह, मंगल कार्यालयाचा हॉल, नाहीतर शाळेचं मैदान.

साउंडवाल्याशी आदल्या दिवशी बोला. तो डीजेच्या किंवा भाषणाच्या सवयीनं मिक्सर लावतो, म्हणजे गायकाचा माइक आणि बास वर, बाकी सगळं मागं. त्याला प्रत्येक वाद्याची यादी द्या, कोणत्या भागात कोण पुढं यायला हवं ते लिहून द्या, आणि तालमीचं रेकॉर्डिंग ऐकवा. स्पीकर लोकांकडं तोंड करून असतात, तुम्हाला ऐकू येण्यासाठी मंचावर दोन तरी मॉनिटर मागा. एक पखवाज आणि ड्रमच्या बाजूला हवाच. ड्रमरला गिटार ऐकू आली नाही, तर छप्पन्न मात्रांचा खेळ एकविसाव्या मात्रेला संपतो.

आता विजेचं. हा भाग वाचून सोडू नका. गिटारच्या तारा ॲम्प्लिफायरच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. माइकची जाळी मिक्सरच्या अर्थिंगला. ॲम्प्लिफायर एका बोर्डावर, मिक्सर दुसऱ्या फेजवर किंवा जनरेटरवर, आणि दोघांपैकी एकाची अर्थिंग नावापुरती असेल, तर तारा हातात धरून गाणाऱ्याचे ओठ जाळीला लागताच त्याच्या अंगातून करंट जातो. झटका बसून हसण्यावारी जातो तो नशिबानं. माणसं अशी दगावलेली आहेत. मंचावरची सगळी वाद्यं आणि मिक्सर एकाच बोर्डावरून घ्या, बोर्डाला खरी अर्थिंग आहे का ते वायरमनकडून तपासा, त्यावर आरसीसीबी बसवायला लावा. स्पीकरमधून घुंऽऽ असा आवाज येतो म्हणून प्लगची तिसरी पिन तोडणारे महाभाग जागोजागी आहेत. त्यांना हात लावू देऊ नका. आणि कार्यक्रम सुरू होण्याआधी टेस्टर माइकच्या जाळीला आणि गिटारच्या तारेला लावून बघा. दिवा लागला तर वाजवायचं नाही, मंडळाचे अध्यक्ष कितीही घाई करोत.

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. बंदिस्त सभागृहाला सूट आहे. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सवलत देऊ शकतं, ते कोणते दिवस हे पोलीस ठाण्यात विचारा आणि परवानगी लेखी घ्या. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीचा शंभर मीटरचा भाग शांतता क्षेत्र ठरवता येतो. याची झळ मोठ्यांनाही बसली आहे. मुंबईत धोबी तलावचं रंगभवन म्हणजे रॉकवाल्यांचं माहेर. १९८६ला सुरू झालेला ‘इंडिपेंडन्स रॉक’ महोत्सव तिथंच वाढला. शेजारी रुग्णालयं आणि कॉलेजं, त्यामुळं शांतता क्षेत्राच्या नियमानं तिथले कार्यक्रम बंद पडले.

आता स्टुडिओ

चार-पाच प्रयोग झाले, रचना डोळे मिटून वाजायला लागली, की मग स्टुडिओचा विचार. इथं एक पर्याय विसरला जातो. दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’चा ‘डेझर्ट रेन’ (१९९७) हा अल्बम थेट कार्यक्रमात रेकॉर्ड झालेला आहे, आणि त्या बँडचं नाव होण्यात त्याचा मोठा वाटा होता. चांगल्या हॉलमध्ये एक प्रयोग ठेवला, मिक्सरमधून प्रत्येक वाद्याचा वेगळा ट्रॅक संगणकावर घेतला, तर तोच तुमचा अल्बम होऊ शकतो. हल्लीच्या बऱ्याच डिजिटल मिक्सरमध्ये ही सोय असते. साउंडवाल्याला आधी विचारा आणि तालमीच्या वेळी एकदा घेऊन बघा.

स्टुडिओच घ्यायचा असेल तर काम वाटून टाका. ड्रम्स आणि पखवाज यांना चांगली खोली आणि चांगले माइक लागतात, ते स्टुडिओत. गिटार, बास, कीबोर्ड घरी, साध्या दोन चॅनलच्या इंटरफेसवर होतात. ‘रीपर’सारखं सॉफ्टवेअर वैयक्तिक वापराला साठ डॉलरला मिळतं आणि विकत घेण्याआधी साठ दिवस वापरून बघता येतं. गाणं घरी करायचं तर कपड्यांनी भरलेल्या कपाटासमोर उभं राहून करा. मुदखेडकरांना एक वेगळी सूचना: जंक्शनचं गाव आहे, मालगाडीचा भोंगा कुठल्याही टेकमध्ये शिरतो. वेळापत्रकातल्या गाड्या टाळता येतात, मालगाडी नाही. प्रत्येक भागाचे तीन टेक घ्या, भोंगा शिरला तर दुसऱ्या टेकमधून जोडता येईल.

क्लिक ट्रॅकवर वाजवायचं की नाही, हा वाद प्रत्येक बँडमध्ये होतो. माझं मत: जिथं कीबोर्डचे आधीच केलेले आवाज चालणार आहेत तिथं क्लिक हवा. जिथं पखवाज लय वाढवत नेतो तिथं क्लिक लावलात तर भजनाचा जीव जातो. गाणं तोडून तुकड्यांनी रेकॉर्ड करायला लाजू नका. ‘क्लोज टू द एज’ची अठरा मिनिटं तुकड्या-तुकड्यांनी घेऊन टेप जोडूनच झाली होती.

मिक्सिंगसाठी मुदखेडहून रात्रीची गाडी धरून मुंबई किंवा सिकंदराबाद गाठणं अशक्य नाही, पण हल्ली ट्रॅक पाठवून घरबसल्याही काम होतं. काम कुणाकडंही द्या, तो इंजिनिअर प्रोग्रेसिव्ह ऐकतो का ते विचारा. शांत भागाचा आवाज वर ओढून सगळं सारखं जोरात करून देणारे खूप आहेत. हळू आणि मोठ्यातला फरक गेला, की वर्षभराची मेहनत सपाट होते.

कागद

पहिल्या तालमीला नाही, पण पहिल्या कार्यक्रमाआधी नक्की लिहा: शब्द कुणाचे, चाल कुणाची, आलेले पैसे कसे वाटायचे, कुणी सोडून गेला तर नाव आणि गाणी कुणाकडं. ‘डार्क साइड’मधला तो शब्दांविना आलाप क्लेअर टॉरी या गायिकेनं जानेवारी १९७३मध्ये गायला. मोबदला तीस पौंड. तो आलाप तिनं तिथल्या तिथं रचला होता, म्हणून २००४मध्ये तिनं दावा केला; २००५मध्ये तडजोड झाली आणि तेव्हापासून त्या रचनेची सहसंगीतकार म्हणून तिचं नाव लागतं. तीस वर्षांनी न्यायालयापर्यंत गेलेली ही गोष्ट एका पानावर त्याच दिवशी लिहिता आली असती. तुमच्या अल्बमवर येऊन एका दिवसात सनई वाजवून जाणाऱ्या काकांनी नवी चाल सुचवली, तर त्यांना मानधनासोबत श्रेयाचा कागदही द्या.

कॉपीराइट कायद्यात २०१२मध्ये झालेली दुरुस्ती तुमच्या बाजूची आहे. गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाट्याचा हक्क वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून कुणालाही लिहून देता येत नाही. ध्वनिमुद्रणाची मालकी मात्र निर्मात्याची असते. त्यामुळं एखाद्या दादांनी ‘खर्च मी करतो’ म्हटलं, तर ती मदत, कर्ज की निर्मिती, हे आधी लिहून घ्या. गीतकार-संगीतकारांसाठी आयपीआरएस ही संस्था आहे, तिचं सभासदत्व घ्या. अभंग वापरणार असाल तर तुकोबांचे शब्द सगळ्यांचे आहेत, पण श्रीनिवास खळ्यांची चाल नाही. चाल पारंपरिक असावी किंवा तुमची स्वतःची.

प्रकाशनाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. वितरक कंपनी अल्बम सगळ्या ॲप्सवर चढवते, गाण्यांचे आयएसआरसी क्रमांकही मिळवून देते. एवढंच लक्षात ठेवा की स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद ऐकलं की एकदा मोजलं जातं, मग ते तीन मिनिटांचं असो की अठरा. लांब रचना भागांत तोडून चढवा, मधला सांधा ऐकू येणार नाही याची काळजी इंजिनिअरला घ्यायला लावा. आणि अल्बम आल्यावर पुन्हा मंचावर जा. मुंबईच्या ‘इंडस क्रीड’च्या दोन अल्बममध्ये १९९५ ते २०१२ असं सतरा वर्षांचं अंतर पडलं, दुसरा आला तेव्हा लोकांना त्यांचे प्रयोग आठवत होते, म्हणून तो ऐकला गेला.

नांदेडचं कुसुम सभागृह काय किंवा डॉ. शंकरराव चव्हाण प्रेक्षागृह काय, गॅदरिंगच्या हंगामात आयत्या वेळी तारीख मिळणं कठीण. पहिल्या सलग प्रयोगाची तारीख आत्ताच विचारून ठेवा, गाणी पूर्ण व्हायची वाट पाहू नका.